पाट्याखालचा ठोकळा : आमची वाटचाल

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. वडिलांनी पाट्यांची, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांची, भट्टी इथे लावली ती याच हिशेबाने. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरचा कांदा माळशेज उतरून वाशीला जाणार आणि भरलेल्या गाड्यांचे पाटे बसणार, म्हणजे कमान जाऊन सपाट होणार. एक भट्टी, एक ऐरण, तेलाचा हौद, दोन माणसं. पाटा लाल करून घणाने कमान द्यायची, तेलात बुडवून पाणी पाजायचं, म्हणजे कडक करायचा, मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवायचा. हे शेवटचं काम घाईत टाळलं तर पाटा ठिसूळ राहतो आणि पहिल्याच खड्ड्यात तुटतो.

मी धंद्यात आलो तोवर पिकअप वाढल्या होत्या आणि गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नव्हता. पाट्यांचा सेट उतरवून कमान द्यायला दिवस मोडतो, ठोकळा तासाभरात बसतो. हाऊसिंग, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलचं कवच, आणि पाट्याच्या मध्ये दोन-तीन इंचांचा ठोकळा सरकवला, सगळं एकत्र बांधणारे लांब यू-बोल्ट आवळले, की मागून बसलेली गाडी ताठ. वडिलांना ते पटत नव्हतं. गल्ला भरत होता म्हणून मी ऐकलं नाही.

एका पावसाळ्यात टोमॅटोची एक पिकअप आली. तिला कंपनीचा ठोकळा आधीच होता. मी त्यावर पत्र्याचे तुकडे वेल्ड करून केलेला दुसरा चढवला. पंधरा दिवसांनी माळशेजच्या उतारावर ब्रेक लागला आणि डावीकडचा ठोकळा सरकला. पाटे मधोमध जागेवर धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं छाटलं गेलं, हाऊसिंग तिरकं झालं, गाडी डोंगराकडच्या गटारात गेली. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दरी दुसऱ्या बाजूला होती. क्रेन घेऊन मीच गेलो, नुकसान भरून दिलं. वडील एवढंच म्हणाले, "पाटा बसलेलाच होता ना रे? मग तू दुरुस्त काय केलंस?"

त्यानंतर मी ठोकळ्याचं काम नीट समजून घेतलं. ब्रेक लागला की हाऊसिंग चाकाबरोबर फिरायला बघतं आणि पाटा त्याला धरून ठेवतो. मध्ये ठोकळा आला की त्या पिळाला तेवढ्या लांबीची पहार मिळते. ठोकळ्यावर ठोकळा म्हणजे पहार आणखी लांब आणि सरकायला आणखी एक जागा. पुढच्या एक्सलला तर ठोकळा लावूच नये. तिथे स्टिअरिंगचा आणि ब्रेकचा जोर एकत्र येतो.

सगळ्यात जास्त मला ब्रेकच्या व्हॉल्वने घाबरवलं. बऱ्याच पिकअपना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो. चासी आणि हाऊसिंगमधल्या अंतरावरून तो गाडी भरलेली की रिकामी ते ओळखतो. ठोकळ्याने ते अंतर वाढलं की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ज्या गाडीला ब्रेकची जास्त गरज, तिचाच ब्रेक आम्ही काढून घेत होतो!

म्हणून आता पाटे बसले असतील तर आम्ही कमान देतो, नाहीतर नवा सेट. ठोकळा फक्त मागे, एकच, भरीव आणि खालीवर सेंटर पिन नीट बसणारा. यू-बोल्ट दर वेळी नवे. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरत नाही. व्हॉल्वची दांडी आणि ब्रेकची नळी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडत असेल तर एका बाजूला निमुळता, उतरता ठोकळा लागतो, तो नसेल तर काम घेत नाही.

जास्त माल भरता यावा म्हणून ठोकळा मागणारे अजून येतात. 2018 मध्ये सरकारने दुहेरी चाकांच्या एका एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली, तेव्हा काहींना वाटलं की जुन्या गाडीचे पाटेही वाढले. हौसेने गाडी उंच करणाऱ्या पोरांना मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतो. नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल त्यात चालत नाही. काही रागावून पुढच्या गॅरेजला जातात. जाऊ देतो.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरला गाडी परत आणायला सांगतो आणि यू-बोल्ट फुकट आवळून देतो. वहीत नंबर असतो. आला नाही तर संध्याकाळी मुलगी फोन लावते, "काका, बोल्ट राहिलेत तुमचे."