नवतप्यात घेतलेला वेटसूट

थंड पाण्यात घालायचा कपडा मी नागपुरात, नवतप्यात, दुपारी तीन वाजता निवडला. बाहेर ४५ अंश. पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं सापडत नाही. शोधून झालंय.

मामेभाऊ ऑस्ट्रियात लिंट्सला असतो. जूनमध्ये त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "ताई, इथून तासाभरावर आटरसे नावाचा तलाव आहे. लोक डायव्हिंगला येतात. तू शिकली ना तारकर्लीला?" शिकले होते. पण तारकर्लीचं पाणी २८ अंश, आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा ३ मिलिमीटरचा भाड्याचा सूट. तो आपल्याआधी किती जणांनी घातला असेल याचा विचार करायचा नसतो.

आटरसे म्हणजे डोंगरातलं गोडं पाणी. जवळजवळ ४६ चौरस किलोमीटर पसारा आणि १६९ मीटर खोली. जूनमध्ये वरचं पाणी पोहण्यासारखं होतं, पण खालचं थंडच राहतं. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी बसून राहतं आणि ऊन खाल्लेलं पाणी त्याच्यावर सायीसारखं तरंगतं. "सात मिलिमीटरचा घे," भाऊ म्हणाला. मी ऐकलं ते एवढंच: जाड म्हणजे गरम.

मापं घ्यायला गोकुळपेठेत माझ्या नेहमीच्या ब्लाऊजच्या टेलरकडे गेले. छाती, कंबर, सीट, मांडी, पोटरी, मनगट, गळा. शिवाय खांद्यापासून निघून पायांमधून मागे पुन्हा खांद्यापर्यंत एक उभं माप, जे ऐकल्यावर मास्तरांनी टेप माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. मग नेहमीचा प्रश्न आला. "मॅडम, लूझिंग किती ठेवू? इंचभर?"

"लूझिंग नाही ठेवायचं."

"अजिबातच नाही? मग बसाल कशा?"

"बसायचं नाहीये मास्तर, पोहायचं आहे."

त्यांनी वहीत 'लूझिंग ०' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे तेव्हा मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

मापं मुंबईच्या एका दुकानाला पाठवली. तक्त्याप्रमाणे मी मीडियम. त्यांनी मीडियम आणि लार्ज दोन्ही पाठवले. एक ठेवा, एक परत करा. एका दुपारी बेडरूममध्ये कूलर लावून मी मीडियम घालायला घेतला.

सात मिलिमीटरचं रबर नेसता येत नाही, अंगावर चढवावं लागतं. आधी पायात सीताबर्डीच्या साडीच्या दुकानाची गुळगुळीत पिशवी घालायची, म्हणजे पाय आत सरकतो. मग नखं न लावता, बोटांच्या पेरांनी, वीत वीत वर ओढत न्यायचं. नख लागलं की निओप्रीनला चीर जाते. गुडघ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. सासूबाई आत आल्या. "माय वं! हे काय घालून राहिली तू? ट्रकची ट्यूब आहे का?" बघवेना म्हणून घामोळ्याच्या पावडरचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या मांड्यांवर त्यांनी तो जवळजवळ रिकामा केला. नवऱ्याला पाठीची झिप लावायला बोलावलं. दोन वेळा तो "श्वास सोड" म्हणाला, तिसऱ्या वेळी त्याचाच सुटला. पण लागली.

आरशासमोर मी दोन्ही हात अंगापासून फाकवून उभी होते. मानेत नाडी उडताना कळत होती. घाम पाठीवरून वाहत खाली गेला, घोट्यांशी साचला, आणि तिथून बाहेरच येईना. पायांपाशी गरम पाण्याच्या दोन बांगड्या भरल्या होत्या. खरं तर त्याच क्षणी नवऱ्याला पेढे आणायला पाठवायला हवं होतं, कारण वेटसूट बरोबर बसला याची याहून चांगली खूण नाही. मी मात्र "काढा, काढा, मरते मी" म्हणून ओरडले.

लार्ज चार मिनिटांत अंगावर चढला. हात वर झाले, वाकता आलं, पलंगावर बसून पन्हं पिता आलं. मी लार्ज ठेवला.

नागपूर, मुंबई, व्हिएन्ना, लिंट्स या प्रवासात लिहिण्यासारखं एवढंच की बॅगेत इतकं रबर असल्यामुळे संत्रा बर्फीचे दोन डबे घरी राहिले आणि वहिनी ते अजून विसरलेली नाही. साल्झबुर्ग पाहिलं. हालश्टाटही पाहिलं; गाव चिमुकलं आणि गर्दी बर्डीवर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तेवढी.

आटरसे मात्र शांत. क्लिम्ट हा चित्रकार उन्हाळ्यात इथे येऊन चित्रं काढायचा, आणि श्टाइनबाखला मालर या संगीतकाराची काठावरची एक खोलीएवढी झोपडी आहे, आता कॅम्पिंगच्या मैदानात. पाणी काठाशी काचेसारखं आणि पुढे मोरपिशी. डायव्हिंगवाल्यांनी मनगटावरची, खोली आणि तापमान दाखवणारी घड्याळं गोड्या पाण्यावर आणि उंचीवर लावायला सांगितली. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर बुडी मारली की ती उंचावरची डाइव्ह धरतात; तलाव ४६९ मीटरवर आहे. आपलं नागपूर ३१० च्या आसपास, म्हणजे आमच्या फुटाळा तलावात बुडी मारली तरी कागदोपत्री ती डोंगरातलीच. तेवढ्यात माझी छाती फुगली.

आमची गाइड स्वतः ड्रायसूटमध्ये. १० अंशांच्या खाली शहाणी माणसं तोच घालतात, त्यात पाणी शिरतच नाही. तिनं मला वळवलं आणि कमरेच्या मागे, मणक्याच्या खळग्यात, रबर चिमटीत धरून पाहिलं. चिमटीऐवजी मूठ भरली. तिनं विचारलं, आमच्याकडे भाड्यानं सेमी-ड्राय आहे, म्हणजे अगदी थोडंच पाणी आत येऊ देणारा सूट, देऊ का? मी म्हटलं, "नो नो, सेव्हन मिलिमीटर." आमचं घर सात मजली आहे हे सांगावं, त्या सुरात.

शिशाचा पट्टा नऊ किलोंचा. तारकर्लीला चार लागले होते. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, तिथे खरं तर कमी शिसं पुरायला हवं, पण एवढं जाड रबर म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेली गादी. ती तुम्हाला वरच धरून ठेवते.

आठ मीटरपर्यंत मजा होती. घड्याळात २० अंश, अंगाला हिरवा उजेड. मग दहा-अकरा मीटरवर पाण्यातच एक थरथरणारा पडदा दिसला, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसतो तसा. गाइडनं त्यात हात घालून दाखवला. मी सबंध गेले.

१४ मीटरवर ८ अंश. कोणीतरी माठातलं पाणी तांब्यानं कॉलरमधून ओतावं तसं ते आत आलं, मणक्यावरून कमरेच्या त्या खळग्यात जमलं आणि मांड्यांवरून घोट्यातून निघून गेलं. मी पाय मारला की पुन्हा नवा तांब्या. वेटसूटमध्ये पाणी येतंच, यायलाच हवं. पण थोडं, आणि आलेलं तिथेच थांबायला हवं, म्हणजे अंग ते तापवतं. माझं तापलेलं पाणी आटरसेला चाललं होतं. नागपूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. कूलर लावताना आपण खिडकी किलकिली ठेवतो ना, आतली हवा बाहेर गेली तरच गारवा येतो म्हणून? माझ्या सुटाची मानेशी एक आणि घोट्यांशी दोन अशा तीन खिडक्या उघड्या होत्या. त्यात त्या खोलीवर दाबानं बुडबुडे आक्रसतात, म्हणजे सात मिलिमीटर हे काठावरचं माप. आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं.

कपाळ दुखायला लागलं, मग दात. पट्ट्यांचे पर्च मासे समोरून गेले, ते मी नीट पाहिलेसुद्धा नाहीत. सतराव्या मिनिटाला अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नसतो.

काठावर माझे ओठ बघून गाइडनं थर्मास उघडला. मला वाटलं चहा. तिनं त्यातलं कोमट पाणी माझ्या कॉलरमधून आत ओतलं. इकडे तसंच करतात. पाठीला दोन सेकंद स्वर्ग. मग ते घोट्यातून खळकन बाहेर आलं आणि गवतात गेलं. आम्ही दोघींनी खाली पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

गाडीत हीटर लावून बसल्यावर मी भावावर घसरले. "सात तूच सांगितलं होतंस."

"सात सांगितलं होतं ताई. लार्ज नव्हतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी भाड्याचा सेमी-ड्राय घेतला. मीडियम. तोच गुदमर, तीच मानेतली नाडी, पण पाण्यात शिरल्यावर छाती मोकळी झाली. टोपीही घातली, आदल्या दिवशी केस बिघडतील म्हणून नाकारलेली. (हो. पाण्याखाली.) अडतीस मिनिटं. पाणवनस्पतींत एक पाइक मासा हातभर अंतरावर निश्चल उभा होता, चोचीसारखं तोंड, डोळा माझ्यावर. त्याला बराच वेळ बघितलं. थंडी वाजत होती, पण त्या पाण्यात वाजावी तेवढीच.

नागपूरला परतल्यावर लार्ज घेऊन थेट गोकुळपेठ गाठली. मास्तरांना विचारलं, मागून आत घेता येईल का? त्यांनी रबर दाबून पाहिलं, मशीनची सुई तुटेल म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून शिवण उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. आणि हातावर काम करणाऱ्या पोराला हाक मारली.

"हे पाह्य. टाका आरपार गेलाच नाही. ज्या अंगानं शिरला त्याच अंगानं निघाला. आधी चिकटवलं, मग शिवलं. छिद्रच नाही." बोट शिवणीवरून पूर्ण फिरवलं, खांद्यापासून मनगटापर्यंत. "हे उसवून वाया नका घालवू मॅडम."

मग सूट घडी करायला लागले. मी घडी नको म्हणाले, घडीवर निओप्रीन चेपतं. त्यांनी तो कोटाच्या जाड हँगरवर लावून माझ्या हातात दिला. नंतर ड्रॉवरमधून मेची वही काढली, पान शोधलं, दोन रेघांवर बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे फिरवली.