तुम्ही विचारलंत म्हणून: साप जबडा निखळवतो का?

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कुणाच्या घरी साप पकडायला गेलो की पिशवीचं तोंड बांधून होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "गिळताना तो जबडा निखळवतो म्हणे, खरं काय?"

खरं नाही. आपली हनुवटी चाचपून बघा, एकसंध हाड लागेल. सापाला ती भानगडच नाही, खालच्या जबड्याचे डावा-उजवा असे दोन वेगळे भाग, पुढे फक्त ताणल्या जाणाऱ्या बंधाने धरलेले, त्यामुळे ते फाकतात. मागे कवटी आणि जबडा यांच्यामध्ये एक जास्तीचं हलतं हाड, म्हणजे बिजागरीला अजून एक बिजागरी. निखळत काहीच नाही, मुळात बांधणीच सैल.

हे सगळं मी नीट पाहिलं ते वाळपईजवळच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. मे महिना, रात्रीचे दहा, खुराड्यात आर शिरलेला (अजगर हो, आमच्याकडे आर म्हणतात) आणि कोंबडी डोक्याकडून अर्धी आत. मालक म्हणाले ओढून काढू. मी म्हटलं नको, दात सगळे मागे वळलेले असतात, ओढलं तर दोघांचंही फाटेल. मग टॉर्च धरून बसलो. वर चार आणि खाली दोन अशा दातांच्या ६ रांगा, आणि गंमत म्हणजे तो कोंबडी आत ओढत नाही, स्वतःच तिच्यावरून पुढे चढतो, एक बाजू रुतवून ठेवायची, दुसरी सोडून थोडी पुढे न्यायची, मग ती रुतवायची आणि पहिली सोडायची, पायमोजा चढवतो तसं. मध्येच तोंडाच्या तळातून एक गुलाबी नळी बाहेर आली. घरातली आजी म्हणाली, "जीभ सुजली काय रे त्याची?" ती श्वासनळी, तोंड गच्च भरलेलं असताना तिचं टोक पुढे काढूनच साप श्वास घेतो.

मग विषाच्या दातांचं काय, हेही विचारतात. अजगराला ते नाहीतच. घोणशीचे लांब, तोंड मिटलं की चाकूच्या पात्यासारखे टाळूला दुमडतात. नागाचे आखूड आणि जागच्या जागी पक्के. मोडले तर मागे राखीव तयार असतात, त्यामुळे दात काढलेला नाग वगैरेवर विसंबू नका. मण्यारचे तर इतके बारीक की झोपेत चावला तर कधी खूणही सापडत नाही, तेव्हा दोन टोचे दिसतात का ते शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, मग ते बांबोळीचं मोठं सरकारी असो की जवळचं.

तर आर. कोंबडी आत गेल्यावर त्याने दोन-तीन लांब जांभया दिल्या, जबडा डावीकडे उजवीकडे वेडावाकडा करत. हाडं जागेवर बसवायची त्यांची ती पद्धत, आणि मला वाटतं निखळण्याची गोष्ट लोकांनी इथूनच उचलली असणार, दिसतं अगदी तसंच. मग आम्ही घाई केली. जेवलेल्या सापाला हलवू नये हे माहीत असून उचलला, आणि पळायला हलकं व्हावं म्हणून घाबरलेला साप करतो तेच त्याने केलं. ओली चिंब कोंबडी अंगणात.

मालक बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आता ही परत देऊन काय उपयोग?"