खिलार जोडी

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत बैल घ्यायला गेले की पहिल्या दिवशी काही घेत नसत. नुसते हिंडायचे. हेडी हाका मारायचे, चहा पाजायचे, 'धरा की कासरा' म्हणून मागं लागायचे. आजोबा मान हलवून पुढं. दुसऱ्या दिवशी मग जबडा उघडून दात, खूर, खांदा, आणि सगळ्यात शेवटी चालवून बघणं. सौदा रुमालाखाली, बोटांवर. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला जी जोडी आवडायची तिची शिंगं लांबलचक, रंगवलेली, गोंडे बांधलेली असायची. आजोबा तिच्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. "शिंगांनी नांगरट होत न्हाई," एवढंच.

चाळीस वर्षांनी, अमेरिकेत फिनिक्सच्या एका बंदुकीच्या दुकानात, मी काचेपलीकडच्या साडेसात इंची नळीच्या कोल्ट पीसमेकर ह्या काउबॉयच्या रिव्हॉल्व्हरच्या नकलेकडं बघत उभा होतो. निळसर काळी नळी, अक्रोडाची मूठ. शिंगंच की ती.

तर काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. हा छंद लागलाय असं सांगितलं की आपल्या माणसांचा चेहरा असा होतो, की जणू मी भजनी मंडळ सोडून फडावर गेलोय. आईनं फोनवर मोठ्या आशेनं विचारलं, "म्हणजे आपल्या स्वप्नील कुसाळेसारखं?" पॅरिसला २०२४ मध्ये कांबळवाडीच्या त्या पोरानं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणल्यापासून आमच्याकडं बंदूक म्हटलं की ऑलिम्पिकच. म्हटलं, नाही आई, ह्यात टोपी घालून, बूट घालून, चामड्याचा पट्टा बांधून गोळ्या मारायच्या. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवण करून जात जा."

हा खेळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९८७ मध्ये त्याची रीतसर संघटना झाली, सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी. बंदुका एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या हव्यात, कपडेही तसेच, आणि प्रत्येकाला एक टोपणनाव, जे दुसऱ्या कुणाचं नसलं पाहिजे. डाकू, शेरीफ, किड ही सगळी सोपी नावं केव्हाच संपलेली. मी 'खिलार किड' लिहून दिलं. बिनविरोध निवडून आलं.

एका खेळाडूला चार बंदुका लागतात: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरवाली रायफल, एक शॉटगन. बझर वाजला की साधारण दहा गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या, दहा रायफलीच्या, चार-सहा बार शॉटगनचे. लक्ष्य म्हणजे लोखंडी पत्रे. लागलं की ठण्ण आवाज येतो, आणि तो आवाज एकदा कानात बसला की माणूस महिन्याच्या दुसऱ्या रविवारची वाट बघायला लागतो. सगळं घड्याळावर. एक गोळी चुकली की पाच सेकंद दंड. पण पत्रे बहुतेक वेळा इतके मोठे आणि जवळ असतात, की गोफणीनं दगड मारला तरी लागावा. म्हणजे नेमबाजीपेक्षा इथं हाताची लय जास्त मोजली जाते, आणि रिव्हॉल्व्हर निवडायचा तो ह्या हिशोबानं. मला हे कळायला एक सबंध सामना घालवावा लागला.

ह्या लोकांचा एक गुण सांगायलाच हवा. नवा माणूस आला की आपली सामग्री उचलून त्याच्या हातात देतात. काडतुसांसकट. आमच्या तुकडीत एक निवृत्त प्लंबर आहेत, सत्तरीचे. मी मनातल्या मनात त्यांना प्लंबरकाका म्हणतो. "कोणता घ्यायचा ते ठरलंय का?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, साडेसात इंची, पॉइंट ४५ (हे गोळीच्या जाडीचं माप) कोल्ट. १८७३ मध्ये अमेरिकन लष्करानं घोडदळासाठी घेतला तो हाच, ह्याच लांबीचा. काका म्हणाले, "घोडा आणलायस?" आणि कुणाकडून तरी तसली जोडी मला मागून दिली.

बझर वाजला. मी सिनेमातल्यासारखा हात घातला आणि ओढायला लागलो. नळी काही संपेना. कोपर काखेच्या वर गेलं तरी टोक होल्स्टरमध्येच. सांगलीला कॉलेजात असताना पाहिलेल्या इंग्रजी सिनेमातले नायक सहा फुटी होते हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. कसाबसा बाहेर काढून पहिला बार काढला, तर रिव्हॉल्व्हर हातात फिरला आणि नळी आभाळाकडं.

ह्या फिरण्यात गंमत आहे. कोल्टच्या त्या वक्र मुठीला इथं नांगराची मूठ म्हणतात. आमच्या भाषेत रुमणं! बार उडाला की मूठ तळहातात सरकते, नळी वर जाते आणि मागचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, आपसूक अंगठ्याजवळ येतो. सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा. चाप नुसता सोडायचं काम करतो. तेव्हा ही त्या काळची सोयच होती. पण पाच गोळ्या तीन-चार सेकंदांत उडवायच्या असल्या की दर वेळी आभाळातून नळी खाली आणण्यात दिवस जातो. नांगराचं रुमणं असंच हाताला हिसके द्यायचं, फाळ दगडाला लागला की. ते दाबून धरायचं वय वेगळं होतं.

(आपल्याकडं ह्या खटक्याला घोडा म्हणतात, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांत तर सबंध हत्यारालाच. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मनापासून आवडलं. "म्हणजे तुझ्याकडे घोडा होताच की," म्हणाले.)

त्या दिवशी मी तीन पत्रे चुकवले, दोनदा क्रम विसरलो आणि शेवटून दुसरा आलो. शेवटचा होता तो नऊ वर्षांचा मुलगा, आणि त्याचीही रायफल अडकली होती म्हणून.

"पत्रा काय मरायचा नाही," काका म्हणाले, "त्याला पंचेचाळीस कशाला?"

इथं आमच्या मुलखाचं गणित उपयोगी पडलं. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. माझे मामा त्यातलेच, त्यामुळं वजन म्हटलं की डोकं तोळ्यात चालतं. गोळीचं वजन इथं ग्रेनमध्ये मोजतात, आणि इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनांचा. पॉइंट ४५ची नेहमीची शिशाची गोळी २५० ग्रेन, म्हणजे जवळजवळ एक तोळा पाच मासे. पॉइंट ३८ची १२५ ग्रेनची गोळी त्याच्या बरोबर निम्मी, पाऊण तोळ्यालाही कमी. सहा फेऱ्यांच्या सामन्यात रिव्हॉल्व्हरच्या साठ गोळ्या. पंचेचाळीसवाला एका रविवारी ऐंशी तोळ्यांवर शिसं उडवतो. बायकोला हा आकडा सांगितला तर म्हणाली, "लग्नात अर्धं तरी घातलं असतंत." शिसं आणि सोनं यातला फरक मी समजावत बसलो नाही.

आणखी एक बारकावा. एकाच आकाराच्या सांगाड्यात पॉइंट ३८चं भोक लहान, म्हणून सिलिंडरमध्ये (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात) आणि नळीत लोखंड जास्त उरतं. हत्यार जड, गोळी हलकी. दोन्हीकडून हिसका कमी. आणि पॉइंट ३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेतलं की त्यात पॉइंट ३८ स्पेशल काडतूस बिनदिक्कत चालतं (उलटं मात्र कधीच नाही). रायफलही त्याच मापाची घेतली की एकच पिशवी, एकच काडतूस. कर्मठ मंडळी नाक मुरडतात, कारण पॉइंट ३८ स्पेशल हे कोल्टनंतर पंचवीसेक वर्षांनी आलेलं. पण खऱ्या गुराख्यांनी तरी काय केलं? विंचेस्टरच्या १८७३च्या रायफलीत चालणारं ४४-४० काडतूस कोल्टनं पुढं आपल्या रिव्हॉल्व्हरमध्येही दिलं, ते ह्याच कारणानं. दोन जातीची पेंड कोण सांभाळत बसणार.

माप ठरलं. आता जात. एकीकडं इटालियन नकला: उबेर्ती, पिएत्ता. ब्रेशाच्या आसपासचा तो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवत आलाय, आणि अमेरिकेतले कितीतरी काउबॉय इटलीचा माल कमरेला लावून हिंडतात ही गोष्ट मला फार सुखावते. ह्या नकला दिसायला अस्सल. घोडा ओढताना कोल्टसारखे चार खटके ऐकू येतात; इथले लोक म्हणतात, सी, ओ, एल, टी, दर खटक्याला एक अक्षर. दुसरीकडं अमेरिकन रूगर कंपनीचा व्हाकेरो, १९९३चा. २००५ मध्ये त्याचा अंगानं थोडा बारीक, कोल्टच्या मापाचा 'न्यू व्हाकेरो' आला. ह्याला चार खटके नाहीत, आतली रचना नव्या काळाची, स्प्रिंगा दणकट. संगीत कमी, पण दर महिन्याला शे-दोनशे बार काढले तरी कुरकुर नाही.

नाव बघा मात्र. स्पॅनिशमध्ये व्हाका म्हणजे गाय, व्हाकेरो म्हणजे गुराखी. टेक्सासच्या काउबॉयनं दोर टाकण्यापासून घोड्यावर मांड ठोकण्यापर्यंतची विद्या ह्या मेक्सिकन गुराख्यांकडूनच उचलली. आणि टोपीत, बुटात जो दिमाख आपण बघतो त्यातला बराचसा नंतरचा. इथून तीनेक तासांवरच्या टूमस्टोनमध्ये तर गावात हत्यार घेऊन फिरायलाच बंदी होती. १८८१ची ओके कोरलची प्रसिद्ध चकमक त्याच नियमावरून पेटली. मूळ धंदा गुरं हाकण्याचा. आमच्यासारखाच.

पुढच्या महिन्यात काकांनी स्वतःची व्हाकेरोची जोडी दिली. भरायच्या टेबलावर, नळ्या समोर करून, ते माझ्या शेजारी उभे राहिले. बाजूचं झाकण उघडायचं. एक काडतूस घालायचं, एक घर सोडायचं, मग ओळीनं चार. झाकण लावायचं, घोडा पूर्ण मागं ओढून अंगठ्यानं धरून सावकाश खाली टेकवायचा, की तो बरोबर रिकाम्या घरावर बसतो. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या. जुन्या कोल्टमध्ये घोड्याची सुई थेट काडतुसावर टेकायची. हातातून निसटून दगडावर पडला की बार. रूगरनं १९७३ पासून मध्ये एक पट्टी घातली आणि तो धोका संपवला, तरी खेळाचा नियम पाचचाच. पेरणीच्या पहिल्या मुठीसारखं ते एक घर कुणासाठी तरी सोडलेलं.

आणि मग ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. पाची. मूठ हातात हलली नाही.

आता दुकानात मी आजोबांसारखा गेलो. पहिल्या दिवशी काही घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या बाईंना विचारूनच घोड्याला हात लावला. न विचारता खटखट करणं म्हणजे दुसऱ्याच्या बैलाची शेपटी पिरगाळणं. घोडा अगदी सावकाश ओढून पाहिला: तो पूर्ण मागं जायच्या आत सिलिंडर जागेवर बसतोय का. बसल्यावर डावी-उजवीकडं डुलतोय का. नळी आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीतून उजेड सारखा दिसतोय का. हे झाले दात आणि खूर. मग चालवून बघणं: मूठ न बदलता माझा आखूड अंगठा घोड्यापर्यंत पोचतो का? साडेपाच इंचीच्या बाबतीत पोचला. त्याहून आखूड नळीचा आणखी चपळ म्हणतात, पण मला तो तोंडाकडं हलका वाटला. स्टेनलेस घेतला, पुसायला सोपा, आणि रंगानं पांढराशुभ्र. खिलारच.

"दोन कशाला?" बायकोनं विचारलं.

"एका बैलावर नांगर चालतो का?"

ग्रीन कार्ड येईपर्यंत मी ह्या वाटेला गेलोच नव्हतो, त्यामुळं कागद चोख होते. फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणी झाली. रूगरनं सोसायटीच्या खेळाडूंसाठी ओळीच्या क्रमांकांच्या जोड्याही काढलेल्या, पण माझ्या दोघांच्या क्रमांकांत काही नातं नाही. एकाच साच्यातले, तरी सख्खे भाऊ नव्हेत. महिनाभरात कळलं की एकाचा चाप किंचित कडक आहे. कडक असलेला डाव्या होल्स्टरमध्ये गेला की माझ्या दुसऱ्या पाच गोळ्या बिघडायच्या; उजवीकडं, पहिल्यांदा काढला की हात ताजा असतो, काही वाटत नाही. जुंपणीत तसंच असतं. एकदा उजव्या अंगाला शिकलेला बैल डावीकडं जुंपा, दिवसभर जू ओढून धरील. कारागिराकडं देऊन चाप हलका करता येतो. दिला नाही. बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका कडक असलेल्याच्या मुठीखाली लावून टाकला.

परवा भरायच्या टेबलावर काकांना तो ठिपका दिसला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "हे काय?"

"हा उजव्या अंगाचा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, आणि स्वतःच्या जोडीतला एक उलटा करून मला दाखवला. मुठीच्या तळाशी, चाकूनं कोरलेली एक बारीक खूण होती.