क कोंबडीचा, ख अंड्याचा

शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४. रवाई, फुकेत

दिवसभर पाऊस. नाय हार्नच्या किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेत, म्हणजे पोहायला जायचा प्रश्नच नाही. हॉटेलातलं काम आटपून निघाले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. घरी जाताना नेहमीप्रमाणे सेव्हन-इलेव्हनमध्ये शिरले, आणि शीतकपाटाच्या काचेवर पिवळ्या पताका दिसल्या. पिवळ्यावर लाल अक्षरं. क्षणभर दारातच थांबले. दोन वर्षांपूर्वी याच पताकांकडे मी नुसती सजावट म्हणून बघितलं होतं. आज अक्षरं आपोआप वाचली गेली.

इथे सगळे नुसतं ‘सेवेन’ म्हणतात. सकाळी ७ ते रात्री ११ अशी वेळ असायची म्हणून १९४६ साली अमेरिकेत हे नाव पडलं. थायलंडमधलं पहिलं दुकान १९८९ मध्ये बँकॉकच्या पॅटपाँग रस्त्यावर उघडलं, आता देशभरात १४ हजारांहून जास्त आहेत. आमच्या भागातलं तर रात्रभर उघडं असतं. विजेचं बिल तिथे, फोनचं रिचार्ज तिथे, ७ बाटचं नूडल्सचं पाकीट तिथे. पावसात भिजून आलं की त्या दाराची ओळखीची धून ऐकूनच बरं वाटतं.

पण पहिलं वर्षभर मी तिथे एक शब्दही बोलले नाही. गरजच पडली नाही. वस्तू उचलायची, गल्ल्यावर ठेवायची, पडद्यावरचा आकडा बघायचा, पैसे द्यायचे. कुठेच अडत नव्हतं, म्हणून शिकायची वेळही येत नव्हती. परक्या गावात मुक्यानं राहता येतं हे मला त्या वर्षी कळलं, आणि ते चांगलं नाही हेही.

वेळ आली ती एका पावामुळे. दुसऱ्याच एका दुकानातून घेतला होता. वर तपकिरी, भुरभुरीत काहीतरी पसरलेलं. मला वाटलं, भाजलेलं खोबरं असेल. गोडसर वासही येत होता. घास तोंडात गेला आणि चव खोबऱ्याची नाही हे जिभेला आधी कळलं, मला नंतर. ते ‘मू योंग’ होतं, डुकराच्या मांसाचा सुकवलेला, पिंजलेला भुगा. मी जन्मापासून शाकाहारी. रस्त्याच्या कडेला उभी राहून चूळ भरली, घरी येऊन रडले. राग कुणावर काढणार? पाकिटावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं.

त्याच रात्री बाराखडी काढून बसले. आणि तिथे जे दिसलं त्यानं मी अक्षरशः हरखून गेले. थाई मुळाक्षरांचा क्रम आपलाच आहे. क, ख, मग कंठातली बाकीची, शेवटी ङ. त्यानंतर च, छ. पुढे त-वर्ग, प-वर्ग, य र ल व. मधेमधे एकेका आवाजाला दोन-तीन अक्षरं आहेत, एकूण ४४ व्यंजनं भरतात, पण सांगाडा ओळखीचा. दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीत आहे हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते असं पाकिटं वाचायच्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

इथल्या मुलांना प्रत्येक अक्षर एका वस्तूच्या नावानं शिकवतात, आपल्या ‘क कमळाचा’सारखं. यांचा क आहे ‘काय’चा. काय म्हणजे कोंबडी. ख आहे ‘खाय’चा. खाय म्हणजे अंडं. प ‘प्ला’चा, म्हणजे माशाचा! मला पाकिटावर जे जे शोधून टाळायचं होतं ते सगळं त्यांच्या पहिलीच्या तक्त्यावर चित्रांसकट बसलेलं. माझ्याबरोबर काम करणारी इंग्लंडची मैत्रीण काय आणि खाय यांत अजून गोंधळते, दोन्ही तिच्या कानाला सारखेच वाटतात. आपल्याला क आणि ख वेगळे ऐकू येतात ते लहानपणीच. स्वरांचे चढउतार मात्र मला अजून नीट जमत नाहीत, पण हा एक फरक आयता मिळाला.

तर पिवळ्या पताकेवरचा शब्द आहे ‘चे’, म्हणजे कडक शाकाहारी. इंग्रजीत तो ज वापरून लिहितात, पण अक्षर च-च्या जागेचं आहे आणि उच्चारही आपल्या ‘चमचा’तल्या नाही तर ‘चार’मधल्या च-सारखा. दोनच चिन्हं. पहिलं, पायाशी छोटी गाठ असलेली उभी रेघ. ही ए-ची मात्रा. दुसरं, वाटोळं वळलेलं च. मात्रा आधी लिहायची आणि नंतर वाचायची. परदेशी लोकांना हे फार विचित्र वाटतं म्हणे. मला नाही वाटलं. ‘कि’ लिहिताना आपणही पहिली वेलांटी क-च्या आधीच काढतो की.

हे मी गल्ल्यावरच्या मुलीला दाखवलं होतं. ती मला ‘फी’ म्हणते, म्हणजे ताई. मी तिला ‘नोंग’ म्हणते, धाकटी. ओळख झाली ती गेल्या वर्षी. मी एक पाकीट हातात धरून फोनवर भाषांतर करत उभी होते, पावसामुळे फोन चालत नव्हता. ती गल्ला सोडून आली, पाकिटावरच्या बारीक छपाईत एका शब्दावर नख टेकवलं आणि म्हणाली, ‘कुंग.’ कोळंबी. मग मान हलवून ते परत ठेवलं आणि शेजारचं पिवळ्या खुणेचं हातात दिलं. ‘चे. दाय.’ हे चालेल. त्या दिवसापासून मी तिच्या पाळीच्या वेळा बघून जाते. एकदा गर्दी नव्हती तेव्हा पावतीच्या पाठीमागे मी तिला ‘चे’ आणि ‘कि’ लिहून दाखवलं. तिनं खाली तिचं ‘चे’ लिहिलं. वेलांटीवर आणि तिच्या मात्रेवर आळीपाळीनं बोट ठेवत ती कितीतरी वेळ बघत राहिली. ती पावती या वहीतच आहे, मागच्या पानात. शाई पुसट व्हायला लागलीय.

आता पाकिटं वाचणं हा माझा छंदच झालाय. ‘मांसविरत’ असं काहीतरी कानावर पडतं तो शब्द, ‘मांगसविरत’, म्हणजे साधं शाकाहारी. त्यात अंडं, दूध चालतं. ‘चे’ त्याहून कडक: अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. आणि दह्याच्या डब्यावरची तारीख! आज घेतलेल्या डब्यावर छापलंय २७-०९-६७. पहिल्यांदा असं काही बघितलं तेव्हा ६७ म्हणजे कारखान्याचा कसला तरी क्रमांक वाटला होता. ते वर्ष आहे, बौद्ध संवत २५६७, आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. तारखेच्या आधी लिहिलेलं असतं ‘वान मोत आयु’. वान म्हणजे दिवस, मोत म्हणजे संपणं, आणि आयु म्हणजे आयुच. दह्याचं आयुष्य संपण्याचा दिवस. चालू महिन्याचं नाव ‘कन्यायोन’, कन्या राशीवरून. ३० दिवसांचे महिने ‘योन’वर संपतात, ३१ चे ‘खोम’वर. हे कळल्यापासून मुठीवर महिने मोजायचे सोडून दिले.

पताका लागल्या म्हणजे फुकेतचा शाकाहाराचा उत्सव जवळ आला. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस. यंदा ३ ऑक्टोबरला सुरू होतोय. दिनदर्शिका उघडून बघितली, घटस्थापनाही ३ ऑक्टोबरलाच. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, तेव्हा नवल नाही, पण मला मात्र अंगावर काटा आला. नऊ दिवस इथलं अर्धं गाव पांढरे कपडे घालून कांदा-लसूण सोडणार, आणि मीही.

नोंगनं विचारलं, ‘फी, तू पण चे खाणार?’ हो म्हटलं. तिनं माझ्या हातातल्या दुधाच्या बाटलीकडे बघितलं, बाटली काढून घेतली नाही, नुसतं बोटानं सोयादुधाचं कपाट दाखवलं. बरोबर आहे. चहाचं लक्षातच नव्हतं आलं. आजच्यापुरतं दूध घेतलं, आणि पिवळ्या खुणेचे सोयादुधाचे दोन डबे. तारीख वाचून घेतली: आयु पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे.