तुम्ही विचारलंत म्हणून: महीनचे घोडे

गाडीत 'भीगी भीगी' लागलं की माझ्या तोंडून हिंदी शब्द निघतच नाहीत, बंगालीच निघतात. मग शेजारी बसलेलं कुणीतरी विचारतंच, "हे बंगाली कुठलं? आणि तुम्ही पुण्याचे, तुम्हाला या बँडचं एवढं काय?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट सांगतोच.

२००६ साली 'गँगस्टर' हा हिंदी सिनेमा आला, त्यातलं हे गाणं बांगलादेशच्या जेम्सने गायलं आणि ते देशभर वाजलं. चाल मात्र त्याच्या अकरा वर्षं आधीची, कोलकात्याची. मूळ गाण्यात पाऊस नाही, विरहही नाही. पृथ्वी लहान होत होत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात बंद झाली, असं ते गाणं आहे. ज्या नावाखाली ते आलं ते नाव 'महीनेर घोडागुलि', म्हणजे महीनचे घोडे.

नाव जीवनानंद दासांच्या 'घोडा' या कवितेतलं. कार्तिकातल्या चांदण्यात माळावर चरणारे घोडे. हे कवी १९५४ साली कोलकात्यात ट्रामच्या धडकेनंतर वारले. त्यांच्या ओळीवरून विशीपंचविशीतल्या सात पोरांनी १९७५च्या सुमारास बँडचं नाव ठेवलं. आधी 'सप्तर्षी' वगैरे नावं लावून झाली होती. हे नाव सुचवलं रंजन घोषालने.

मध्यभागी होता गौतम चट्टोपाध्याय. साठच्या दशकाच्या शेवटी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत इंग्रजी गाणी वाजवणारा, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला, मग नक्षलवादी चळवळीत ओढला गेलेला. तुरुंगात गेला. सुटल्यावर काही काळ बंगालबाहेर, भोपाळ-जबलपूरकडे काढला आणि परत आला. विश्वनाथ आणि प्रदीप हे त्याचे भाऊ, रंजनही नात्यातलाच. शिवाय तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि व्हायोलिन वाजवणारा अब्राहम मजुमदार. दक्षिण कोलकात्यात नाकतल्याला गौतमच्या घरी यांची तालीम चाले आणि त्याच घरी बाऊल, म्हणजे बंगालचे भटके लोकगायक, येऊन राहत, गात. गिटार, सॅक्सोफोन आणि व्हायोलिनच्या शेजारी एकतारा आला तो असा, घरातूनच. गौतम या संगीताला बाऊल-जॅझ म्हणे.

गाण्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. १९७७ साली 'संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक', म्हणजे अस्वस्थ पाखरांचे थवे आणि कोलकात्याविषयी. १९७८ साली उडत्या तबकडीवरची 'अजाना उडन्त बस्तु बा अ-उ-ब'. १९७९ साली 'दृश्यमान महीनेर घोडागुलि'. रवींद्र सदनासारख्या ठिकाणी कार्यक्रमही झाले. पण रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी यांवर वाढलेल्या कानांना हे पचलं नाही. तबकड्या खपल्या नाहीत. १९८१ साली बँड फुटला. कुणी नोकरीला लागलं, कुणी गाव सोडलं. गौतम सिनेमाकडे वळला आणि त्याच्या 'नागमती'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इतकंच असतं, तरी मला ही गाणी आवडलीच असती. पण मी त्यांच्यात अडकलो ते पुढच्या भागामुळे.

१९९८ साली नोकरीनिमित्त मी कोलकात्यात जादवपूरला खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण काकीमांच्या मुलाने एक कॅसेट हातात ठेवली, 'आबार बछर कुडी परे'. हेही शब्द जीवनानंदांचेच. मी 'कुडी'ला अडलो. काकीमांनी हाताची दहा बोटं दोनदा उघडून दाखवली आणि मला एकदम आमच्या आजीची 'कोडी' आठवली. कोडीभर म्हणजे वीस. पुन्हा वीस वर्षांनी! त्या दिवसापासून ती भाषा मला परकी वाटली नाही.

कॅसेट १९९५ची, कोलकात्याच्या पुस्तक मेळ्यात आलेली. वेष्टनावर लिहिलं होतं, महीनेर घोडागुलि 'संपादित'. हा शब्द मला आजही हलवतो. वीस वर्षांनी परतणारा माणूस काय करेल? आपली जुनी गाणी पुन्हा बाजारात आणेल, जुने सवंगडी गोळा करून मिरवेल. गौतमने नव्या पोरापोरींची गाणी गोळा केली, स्वतःचीही काही घातली, आणि अनियतकालिकाचा अंक काढावा तशी कॅसेट काढली. स्वतः झाला संपादक. बँडचं नाव त्याने घोंगडीसारखं पसरलं आणि जो गाईल त्याला त्यावर बसायला जागा दिली. पाठोपाठ 'झरा समयेर गान', 'माया', 'ख्यापार गान' आल्या. १९९९ साली गौतम वारला. ज्या बंगाली बँडांची नावं आज पोरं घेतात, त्यांच्यासाठी जमीन या चार कॅसेटींनी नांगरून ठेवली, असं माझं ठाम मत आहे.

अनियतकालिक म्हटलं की मराठी माणसाला 'असो' आठवणार, ते काढणारे अशोक शहाणे आठवणार. शहाण्यांनी तर बंगालीतून कितीतरी मराठीत आणलं. १९७३च्या सुमारास कवी अरुण कोलटकरांनी इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रितही करून पाहिली होती, आणि ते पखवाजही शिकले. म्हणजे कविता, भजन आणि गिटार आपल्याकडेही एका माणसाच्या खोलीत एकत्र आले होते. त्यातून बँड उभा राहिला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. अभंग आणि लावणी ज्या भाषेत आहे, तिथे एकतारीशेजारी गिटार ठेवायला काय हरकत होती? "तुम्हाला एवढं काय" याचं खरं उत्तर या हळहळीत आहे. ती गाणी ऐकताना मी आपल्याकडे न झालेलं काहीतरी ऐकत असतो.

रंजन घोषाल २०२०मध्ये बंगळूरमध्ये वारले. तापस दास २०२३मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या उपचारासाठी पैसे उभे करायला पुढच्या पिढीच्या गायकांनी कोलकात्यात कार्यक्रम केले होते.

आता ऐकायचंच असेल तर 'भीगी भीगी'च्या मूळ गाण्यापासून सुरू करू नका, ते शेवटी ठेवा. पहिल्या तबकडीवरचं 'हाय भालोबासि' आधी लावा. त्यात आवडत्या गोष्टींची यादी आहे. पिकासो, डिलन, बीथोवन, रविशंकर, अली अकबर अशी नावं एका दमात येतात. बंगाली येत नसलं तरी ती नावं कळतील, बाकीचं चाल सांगेल. शक्यतो पहाटे ऐका, बाहेर धुकं असेल तेव्हा.