फेज्ड अ‍ॅरे की फिरती डिश, नोंद ९: मोजपट्टीच हलत होती

मागच्या नोंदीत मी ठोकून दिलं होतं की माझा आठ पॅचचा (छोट्या चपट्या अँटेनांचा) फेज्ड अ‍ॅरे, जो स्वतः न हलता प्रत्येक पॅचच्या सिग्नलची फेज बदलून बीम म्हणजे ऐकण्याची दिशा वळवतो, तो सांगितलेल्या दिशेला नेमका बघत नाही, कधी अर्धा अंश इकडे तर कधी तिकडे. त्यातलं निम्मं मागे घेतो.

मांडणी तीच आहे. १०.४ गिगाहर्ट्झ, पॅचमधलं अंतर अर्धी तरंगलांबी म्हणजे १४.४ मिमी, फेज बदलणारे ७ बिटचे फेज शिफ्टर, समोर ६ मीटरवर बीकन (सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर). अ‍ॅरे टर्नटेबलवर (फिरत्या बैठकीवर) ठेवायचा, टर्नटेबल ठरावीक कोनात फिरवायचं, मग फेज बदलून बीम परत बीकनवर आणायचा. दोन कोनांतला फरक ती चूक. बीमचा माथा सपाट असतो, त्यामुळे तो शोधत बसत नाही. दोन्ही बाजूंचे अर्ध्या पॉवरचे बिंदू (जिथे सिग्नल निम्मा होतो) घेऊन मध्य काढतो.

घोळ टर्नटेबलात होता. स्टेपर मोटरची पावलं मोजली की कोन कळला असं मी धरून चाललो होतो. सहज म्हणून तेच रीडिंग आधी डावीकडून आणि मग उजवीकडून घेतलं, तर ०.६ अंशांचा फरक! वर्म गिअरमधला खेळ, म्हणजे दात्यांमधली ढिली जागा. म्हणजे डिशवाल्यांचं जुनं दुखणं मी अ‍ॅरेच्या माथी मारत होतो. आता फिरणाऱ्या शाफ्टवरच कोन थेट मोजणारा १४ बिटचा एन्कोडर लावलाय (एक पायरी ०.०२२ अंश) आणि प्रत्येक कोनाकडे एकाच बाजूने जातो.

त्यानंतर जी चूक उरली ती खरोखर अ‍ॅरेची, आणि तीच जास्त मजेची आहे. १५ अंशांपर्यंत ०.२ च्या आत, ३० ला साधारण अर्धा अंश, आणि ६० सांगितलं तर बीम ५६ च्या आसपासच थांबतो. कारण सरळ आहे. प्रत्येक पॅच स्वतः समोर जास्त आणि बाजूला कमी ऐकतो. त्यात तिरक्या कोनात बीम फुगतो: समोर १३ अंश रुंद असलेला ६० ला जवळपास दुप्पट होतो. इतक्या पसरट माथ्याला पॅचचा उतार आतल्या बाजूला ओढून घेतो. मोठ्या अ‍ॅरेत बीम सुईसारखा असतो, म्हणून तिथे ही ओढ फारशी जाणवत नाही. अमेरिकी युद्धनौकांवरच्या एसपीवाय-१ रडारला चार तोंडं का असतात तेही इथे कळतं. चौघांत क्षितिज वाटलं की कोणालाच ४५ अंशांपलीकडे वळावं लागत नाही.

बारीक पावलांचंही एक गमतीचं. समोरून फक्त ०.०५ अंश सरक म्हटलं तर शेवटच्या पॅचला हवा १.१ अंश फेज, आणि शिफ्टरची एक पायरी २.८ ची. आठांपैकी एकही हलत नाही. स्क्रीनवर कोन बदललेला दिसतो, बीम जागच्या जागी. फ्रीक्वेन्सीचं निराळंच: ६० अंशांवर १०० मेगाहर्ट्झचा स्वीप दिला तर बीम या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ १ अंश सरकतो. समोर बघताना अजिबात नाही.

तुलनेला घेतलेल्या ६० सेंमीच्या फिरत्या डिशला हे काहीच लागू नाही. कुठेही वळवा, बीम तोच, ३.४ अंशांचा. पण तिला ६ मीटरवरचा बीकन चालत नाही, किमान २५ मीटर हवेत. म्हणून बीकनच्या जागी सूर्य, तोही रेडिओ लहरी सोडतो. डिश स्थिर ठेवायची आणि सूर्याला बीममधून जाऊ द्यायचं. तो आकाशात ४ मिनिटांत साधारण १ अंश सरकतो, त्यामुळे घड्याळ हीच मोजपट्टी, आणि तिच्यात खेळ नसतो. डिशची चूक गिअरची आणि वाऱ्याची. वाऱ्याचा तक्ता (कुठे किती दुरुस्ती करायची त्याचा) कोण करणार? अ‍ॅरेची चूक मात्र दर वेळी तशीच येते, म्हणून तक्त्याने बरीचशी काढता येते. निदान तापमान फार बदललं नाही तोवर.

त्यामुळे सध्या दोन्ही एकत्र. मोजायला आणलेलं टर्नटेबल आता अ‍ॅरेखाली कायम राहणार. लांबचा कोन मोटर देईल, ३० अंशांच्या आतलं काम फेज करेल. युरोफायटर या लढाऊ विमानाचं कॅप्टर-ई रडारही अ‍ॅरेला असंच फिरत्या बैठकीवर बसवतं. तिथे केबलींचं काय करतात कोण जाणे. माझ्या आठ केबली प्रत्येक फेरीत वेटोळं घालतात आणि काल एक कनेक्टरपाशी पिचली. ती बदलली की तक्ता पुन्हा पहिल्यापासून.