'म्हणून'पाशी थांबायचं

आमच्या मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, वार्षिक संमेलन तीन दिवसांचं असायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले, की शब्बाथशाळेत आम्हा मुलांना बायबल शिकवणाऱ्या बाई नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र उघडायच्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पाच अध्याय, १०५ वचनं. मधे गीत नाही, सूचना नाहीत. आम्ही मुलं अगदी पुढे, आमच्यामागे आईवडील, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून उशिरा पोचलेली माणसं, पिशव्या अजून हातातच. वीसेक मिनिटांत वाचन संपायचं. पत्रातलं सगळं तेव्हा कळत नव्हतं, पण चौथा अध्याय आला की बाईंचा आवाज संथ व्हायचा, एवढं कळायचं. देव प्रीती आहे, हे त्या अध्यायात दोनदा येतं. दोन्ही वेळा बाई पुस्तकातून नजर वर करून, समोर बसलेल्यांकडे पाहत ते म्हणायच्या.

मग आमची पाळी. आम्हाला पाठ करायला दिलेलं वचन दर वर्षी तेच, चौथ्या अध्यायातलं १९वं. त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. आम्ही धडाधड म्हणून टाकायचो आणि बाई मधेच हात वर करायच्या.

"थांबा. 'म्हणून'पाशी थांबायचं. 'म्हणून'च्या आधी कोण आहे?"

"देव."

"आणि नंतर?"

"आपण."

"पुन्हा."

चार-पाच वेळा 'पुन्हा' झाल्याशिवाय सुटका नसायची. एकदा एका मुलानं विचारलं, "बाई, उलटं म्हटलं तर? आपण प्रीती करतो, म्हणून तो करतो?" त्याला कुणी रागावलं नाही. बाईंनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "मग बाळा, ज्या दिवशी आपल्याला जमणार नाही, त्या दिवशी काय करायचं?" तो गप्प झाला. आम्ही सगळेच गप्प झालो. माझ्यापुरतं सांगायचं तर पुढच्या तीस वर्षांत जे काही समजलं, ते या एका प्रश्नाभोवतीच समजलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय धुण्याची उपासना असायची. योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचला जायचा: प्रभू येशू भोजनावरून उठतो, रुमाल कंबरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. मग आमच्याकडे तसंच व्हायचं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, कोमट पाण्याची चार-पाच गंगाळं, शेजारी टॉवेलांच्या घड्या. कोणी कोणाचे पाय धुवायचे हे ठरवलेलं नसायचं. ज्याला जिथे जावंसं वाटेल, त्यानं तिथे जाऊन गुडघे टेकायचे.

मी पंधरा-सोळा वर्षांची असतानाची ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते. मंडळीचे खजिनदार काका आणि दुसरे एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, यांच्यात तीन वर्षं अबोला होता. एका सभेत त्या दुसऱ्यांनी हिशेबावर सर्वांसमक्ष संशय घेतला होता. नंतर हिशेब तपासला गेला, बिनचूक निघाला, तसं सांगण्यातही आलं. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. दोघं उपासनेला यायचे, एकाच गीतपुस्तकातली गीतं म्हणायचे आणि दोन वेगळ्या दारांनी घरी जायचे. आम्हा मुलांनाही कोण कोणत्या दारानं जाणार हे ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ते दुसरे वडील गंगाळ उचलून थेट काकांसमोर आले आणि खाली बसले. काकांनी पाय मागे, बाकाखाली घेतले. "नको. तू नको."

सभागृहातलं गाणं चालूच होतं, पण आजूबाजूचे पाच-सहा जण गायचे थांबले. खाली बसलेले वडील उठले नाहीत. म्हणाले, "दादा, मला काही बोलायचं नाही. तुम्हीही बोलू नका. फक्त पाय द्या."

बराच वेळ गेला. मग काका वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ सुटेना. बोटं थरथरत होती आणि जितकं ओढावं तितकी गाठ घट्ट होत होती. शेवटी समोरच्यांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि गाठ स्वतः सोडवली. मोजा काढला. पाऊल तळहातावर घेतलं, दुसऱ्या हातानं ओंजळभर पाणी घातलं. काका मान खाली घालून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गुडघ्यावर पडत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

मला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मी फार हलले. दर वर्षी सगळ्यात आधी गंगाळ घेणारे हेच काका होते. लहानमोठा, ओळखीचा-अनोळखी, ते प्रत्येकाचे पाय धुवायचे. पण इतक्या वर्षांत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. स्वतःचे पाय त्यांनी कुणापुढे केलेच नव्हते.

पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, शेवटी पेत्र या शिष्याविषयी दोनच शब्द सांगितले. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असं पेत्र म्हणाला, आणि मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं प्रभूनं त्याला उत्तर दिलं. पाळक म्हणाले, धुणं ही सेवा आहे हे आपल्याला पटकन पटतं, धुऊ देणं हाही विश्वास आहे हे पटायला वेळ लागतो. मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी तोवर कधी वाचून पाहिली नव्हती. यहूदा त्या खोलीतून बाहेर पडतो ते तिसाव्या वचनात. पाय धुणं त्याच्या आधीच झालेलं आहे. म्हणजे प्रभूनं त्या रात्री जे पाय हातात घेतले, त्यांत त्याला धरून देणाऱ्याचेही होते. आणि हे सगळं झाल्यावर, यहूदा निघून गेल्यावर, ती नवी आज्ञा येते: एकमेकांवर प्रीती करा. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा तर जुन्या करारातल्या लेवीयाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, आधीपासूनच होती. नवं आहे ते 'जशी मी तुमच्यावर केली तशी'. माप बदललं. आपल्याला झेपेल तेवढी नव्हे, तर मिळाली तेवढी.

ते दोघं त्या रात्री एकदम जिवलग झाले असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं मिळून खुर्च्या लावत होते, एक उचलून द्यायचा, दुसरा ओळीत मांडायचा, आणि फारसं बोलत नव्हते. दुपारी मात्र एकाच दारानं बाहेर पडले. मी मुद्दाम पाहत उभी होते.

तिसऱ्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, आणि त्यानंतर प्रीतिभोजन. प्रीतिभोजनाचे आमच्याकडे दोनच नियम होते: ज्यांच्याबरोबर आलात त्यांच्याशेजारी बसायचं नाही. आणि ज्यांनी स्वयंपाक केला त्यांना आधी वाढायचं. हे नियम जुन्या काळच्या करिंथ शहरातल्या मंडळीमुळे आले, असं आम्हाला सांगितलं जायचं. तिथे जमणाऱ्यांपैकी काही जण आपलं आपलं आधीच जेवून घ्यायचे, काही उपाशी राहायचे, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, असं प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून खडसावलं होतं. पहिल्या काळातल्या मंडळ्या अशा भोजनांना 'अगापे' म्हणत. देवाच्या प्रीतीला नव्या करारात जो शब्द आहे, तोच जेवणाला. मला हे फार आवडतं.

जेवण सुरू होण्याआधी एक वृद्ध काका दर वर्षी हर्नहूटची गोष्ट सांगायचे. दर वर्षी तीच, आणि तरी आम्हाला ती हवी असायची. आपला देश सोडून आलेले मोराव्हियाचे विश्वासणारे जर्मनीतल्या सॅक्सनीत झिंझेंडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर १७२२ पासून वस्ती करून राहिले, तेच हर्नहूट. विश्वासासाठी घरदार सोडलेली ती माणसं, पण पाच वर्षांत आपापसांत इतकी भांडली की वस्ती मोडायची वेळ आली. मग १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये ते प्रभुभोजनाला एकत्र आले. एकमेकांविषयीचा कडवटपणा तिथे गळून पडला. नंतर घरी जावंसं कुणाला वाटेना, तेव्हा झिंझेंडॉर्फनं आपल्या घरून जेवण पाठवलं, आणि ते घोळक्याघोळक्यानं एकत्र जेवले. मोराव्हियनांची प्रीतिभोजनं तिथून सुरू झाली. त्याच महिन्यात त्यांनी रात्रंदिवस अखंड प्रार्थना सुरू केली, ती शंभराहून अधिक वर्षं चालली. गोष्ट संपली की काका म्हणायचे, "भांडणं मिटवून मग ते मेजाशी आले नाहीत बरं का. मेजाशी आले, म्हणून भांडणं मिटली." 'म्हणून' ऐकलं की आम्ही मुलं बाईंकडे बघायचो.

तरुणांच्या बैठकीत एकदा एका मुलीनं चांगला प्रश्न काढला: एकमेकांवर, एकमेकांवर असं सारखं आहे, मग बाहेरच्यांचं काय? त्यावर बरीच चर्चा झाली. थेस्सलनीकाच्या मंडळीसाठी पौल प्रार्थना करतो, ती एकमेकांवरची आणि सर्वांवरची प्रीती वाढावी अशी आहे, हे कुणीतरी दाखवलं. पाळकांनी तिसऱ्या शतकातल्या आलेक्सांद्रिया शहरातल्या मरीच्या साथीचं सांगितलं. तिथला बिशप डायोनिसियस यानं लिहून ठेवलंय की विश्वासणारे आजाऱ्यांजवळ बसले, त्यांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडले आणि आनंदानं गेले. आणि चौथ्या शतकातला रोमन सम्राट जुलियन, जो ख्रिस्ती विश्वासाचा उघड विरोधक होता, त्यानं आपल्या पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहिलं की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आताही आहे: घरातल्या माणसाला क्षमा करता येत नसेल, तर दारातल्या माणसावरची माया फार दिवस टिकत नाही. 'एकमेकांवर' म्हणजे कुंपण घालणं नव्हे. तिथे हात शिकतात.

माझी आई गेली, त्या वर्षी संमेलन दोन महिन्यांवर होतं. मी जाणार नव्हते. कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं, आणि प्रार्थना तर ओठांवर येतच नव्हती. बाई दोघीजणींना घेऊन घरी आल्या. वचन वाचलं नाही, समजूत घातली नाही. एकीनं खुर्चीवर साठलेला कपड्यांचा ढीग घड्या घालून ठेवला, दुसरीनं भांडी घासली. बाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "यंदा काही म्हणायला येऊ नकोस. नुसती येऊन बस."

आणि एक पाकीट पुढे केलं. मंडळीनं गोळा केलेलं होतं. मी हात मागे घेतले. म्हटलं, "बाई, माझ्यापेक्षा गरज असलेले कितीतरी आहेत, त्यांना द्या."

बाई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "घेता येत नाही तुला," त्या म्हणाल्या, "मग देतेस तरी कशातून, बाळा?"

पाकीट मी घेतलं. संमेलनालाही गेले, शेवटच्या बाकावर बसले. संध्याकाळी एक अनोळखी मुलगी गंगाळ घेऊन माझ्यासमोर आली. वयानं माझ्याहून बरीच लहान. तिला माझ्याविषयी काही माहीत नव्हतं. तिनं माझे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसले, जसे आई लहान मुलाचे पुसते, आणि मान वर करून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली. शब्द मोजकेच होते. त्यानं आधी केली, एवढंच मी म्हणत होते. पुढचं अर्धं वचन त्या दिवशी माझ्याजवळ नव्हतं, आणि ते नसलं तरी पहिलं अर्धं खरंच होतं.

प्रभूचा शिष्य योहान फार म्हातारा झाल्यावरची एक आठवण जेरोम या जुन्या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवली आहे. इफिस शहरात शिष्य त्याला उचलून मंडळीत आणायचे. लांब बोलण्याची शक्ती उरली नव्हती, म्हणून दर वेळी तो एवढंच म्हणायचा: मुलांनो, एकमेकांवर प्रीती करा. ऐकणारे कंटाळले. गुरुजी, नेहमी हेच का? तर म्हणाला, ही प्रभूची आज्ञा आहे, आणि एवढी एक पाळली तरी पुरे.

गेल्या संमेलनाला बाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. आता त्यांना नावं आठवत नाहीत. कोण कुणाची मुलगी, कोण कधी गेलं, सगळं सरमिसळ झालंय. पत्र आता दुसरंच कुणीतरी वाचतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गंगाळ घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पाय लगेच पुढे केले, काही न विचारता. पावलं हलकी झाली आहेत, टाचांना भेगा आहेत. मी पाणी घालत होते आणि घालता घालता ते वचन पुटपुटत होते, सवयीनं, भरभर.

खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात वर झाला.

"थांब," बाई म्हणाल्या.

मी 'म्हणून'पाशी थांबले. माझ्यामागे तिघी-चौघी आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या, पाणी निवत चाललं होतं.

"पुन्हा."

मी पहिल्यापासून म्हणायला लागले.